पाठ १२ : पिवळा दिवा

शनिवारी सकाळी बाबांनी गाडी सुरू केली आणि इंजिन खडखडलं. थोड्या वेळाने खडखड थांबली, पण समोरचा पिवळा दिवा काही विझेना. चॉक फार्म रोडच्या सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरायचं. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी पिकअप घेत नव्हती.

"शुक्रवारी एमओटी आहे!" बाबा म्हणाले. इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी ही तपासणी करावी लागते. इंजिनाचा दिवा पेटलेला असेल, तर आमची पेट्रोल गाडी नापास होणार.

बाबांनी कोड वाचायचं यंत्र लावलं. कोड आला पी००११. म्हणजे कॅमशाफ्टचं टायमिंग हवं त्यापेक्षा पुढे गेलं होतं.

कॅमशाफ्ट हा इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा. गाडी सावकाश चालते तेव्हा व्हॉल्व्ह उघडायची योग्य वेळ एक असते, वेगात असताना वेगळी. ही वेळ ऑइलच्या दाबाने बदलते. ऑइल कुठे, किती सोडायचं ते सोलेनॉइड नावाचा विजेवर चालणारा छोटा भाग ठरवतो.

"मग सोलेनॉइडच बिघडला. नवा मागवतो," बाबा म्हणाले.

"थांब रे जरा," आजोबा म्हणाले. त्यांनी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काम केलं आहे. "आमच्या बसच्या इंजिनात असलं काही नव्हतं. पण ऑइल तेव्हाही लागायचं. आधी ते बघ."

गाडी सपाट जागेवर लावून इंजिन बंद केलं. दहा मिनिटांनी मी डिपस्टिक काढली, पुसली, परत आत घातली आणि पुन्हा काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. आणि काळंकुट्ट!

"शेवटचं कधी बदललं होतंस?" आजोबांनी विचारलं. बाबा गप्प.

सोमवारी रेल्वेच्या कमानीखालच्या गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलला. खडखड गेली. कोडही पुसला. पण बुधवारी दिवा परत पेटला. गुरुवारी मेकॅनिकने सोलेनॉइड काढून दाखवला. त्याच्या बारीक जाळीत गाळ अडकला होता. मग नवा बसवला.

"म्हणजे माझंच खरं होतं," बाबा हसून म्हणाले.

"जुन्या ऑइलवर नवा बसवला असतास, तर त्याचीही जाळी भरली असती," आजोबा म्हणाले.

शुक्रवारी गाडी पास झाली. आता दर महिन्याला डिपस्टिक मी बघते. ऑइल बदलल्याची तारीख आजोबांनी फ्रिजवर लावली आहे.

शब्दार्थ
विझेना – काही केल्या विझत नव्हता
उघडझाप – उघडणं आणि बंद होणं
काळंकुट्ट – अगदी काळं
गाळ – तळाशी साचणारी घाण

प्रश्न
१. गाडीत बिघाड आहे हे कशावरून कळलं? तीन खुणा लिहा.
२. फक्त सोलेनॉइड बदलून का भागलं नसतं?
३. 'असता, तर' वापरून दोन वाक्यं लिहा.
४. तुमच्या घरी वस्तू बिघडली की आधी कोण बघतं? आजी-आजोबांना फोन करून त्यांची एक आठवण विचारा.