कोवळ्या दातांच्या मुळांतील जंतुनाश

मुलांना सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. ती कोणताही दात न पडता येत असल्याने पुष्कळ पालक तिला दुधाचीच दाढ समजतात. सातव्या-आठव्या वर्षी वरचे पुढचे दात येतात. दात हिरडीबाहेर दिसला म्हणजे तो पूर्ण झाला, असे मात्र नव्हे. त्याचे मूळ पूर्ण वाढण्यास पुढे सुमारे तीन वर्षे लागतात. तोपर्यंत मुळाचे टोक उघडे, आतील नळी रुंद आणि भिंती पातळ असतात.

मुळाची वाढ दाताच्या आतील मऊ गरावर, म्हणजे पल्पवर, अवलंबून असते. खेळताना पडून दाताला मार बसला किंवा कीड आत पोचली, तर पल्प मरतो, नळीत जंतू शिरतात आणि वाढ थांबते. दात काळसर पडतो, हिरडीवर पुवाची पुळी येते. अशा वेळी दात काढून मोकळे होण्याकडे कल असतो. पण हा दात पुन्हा येणारा नाही.

मोठ्या माणसाच्या रूट कॅनॉल उपचारात बारीक कानशींनी नळी घासून साफ करतात. कोवळ्या दातात फार घासले तर पातळ भिंती आणखी दुबळ्या होतात. शिवाय जंतू भिंतीला थर करून चिकटतात व तिच्यातील सूक्ष्म नलिकांत शिरतात. म्हणून येथे खरी भिस्त औषधी द्रावणांवर असते.

त्यात मुख्य सोडियम हायपोक्लोराइट. ते जंतू मारते आणि मेलेला पल्प विरघळवते. कोवळ्या दातात ते साधारण दीड ते तीन टक्के ठेवतात व बाजूला छिद्र असलेल्या सुईने सावकाश सोडतात. उघड्या टोकातून ते बाहेर गेल्यास तीव्र वेदना व सूज येते, तसेच मूळ वाढविणाऱ्या पेशींना इजा होते. नंतर १७ टक्के ईडीटीएने नळी धुतात. दोन भेटींच्या मधल्या काळात नळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा प्रतिजैविकांचा लेप ठेवतात. तीन औषधांच्या लेपातील मिनोसायक्लिनमुळे दाताचा रंग बिघडू शकतो.

याला जोड म्हणून पुढील पद्धती वापरतात :

१) अल्ट्रासॉनिक कंपने : नळीतील द्रावण घुसळले जाऊन सुईने न पोचणाऱ्या जागीही जाते.

२) ऋण दाबाची धुलाई : द्रावण मुळाच्या टोकाकडून शोषून घेतले जाते, त्यामुळे ते बाहेर सांडण्याचा धोका कमी होतो. उघड्या टोकाच्या दातात हा मोठा फायदा आहे.

३) प्रकाश-उपचार : मिथिलीन ब्ल्यूसारखा रंग नळीत भरून त्यावर लाल प्रकाश सोडतात, त्यातून निर्माण होणारा क्रियाशील ऑक्सिजन जंतू मारतो.

४) लेसर व ओझोन : लेसरने द्रावणात वेगवान हालचाल निर्माण करता येते, ओझोन हा जंतुनाशक वायू आहे.

या पद्धती मूळ धुलाईला पूरक आहेत, तिची जागा घेणाऱ्या नाहीत. यंत्र नाही म्हणून दात वाचणार नाही, असे समजू नये.

पूर्वी केवळ कॅल्शियम हायड्रॉक्साइड महिनोन् महिने ठेवून टोक बंद करीत. ते दीर्घकाळ राहिल्यास मूळ ठिसूळ होऊ शकते, हे २००२ साली आन्द्रेआसन व सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखविले. आज एमटीएने टोक लगेच बंद करता येते. २००१ नंतर पुढे आलेल्या दुसऱ्या पद्धतीत नळीत रक्त येऊ देऊन थांबलेली वाढ पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न होतो. जंतू शिल्लक राहिले तर हा प्रयत्न फसतो.

म्हणून पालकांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दाताला मार बसल्यास तो दुखत नसला तरी त्याच दिवशी दंतवैद्याला दाखवावे. दुखणे थांबले म्हणून उपचार अर्धवट सोडू नयेत. लेप तसाच राहिला, वरची तात्पुरती भरणी झिजली, की जंतू पुन्हा शिरतात. आणि उपचारानंतरही सांगितलेल्या वेळी एक्स-रे काढून घ्यावा. मूळ वाढते आहे की नाही, हे त्यातूनच कळते. आठव्या वर्षी वाचविलेला दात पुढे आयुष्यभर कामी येऊ शकतो.