कापडावरील समुद्र : सायनोटाइप मुद्रणाचा एक पाठ

पेडणे तालुक्याला केरी, हरमल, मांद्रे, मोरजी असा समुद्रकिनारा लाभला आहे. डिचोली तालुक्याला समुद्र नाही. तेथील जमीन लोहखनिजाची व म्हणून तांबडी. समुद्र आणि लोह यांना एकत्र आणणारी एक मुद्रणकला आहे. तिचे नाव सायनोटाइप. तिच्यात लागणारे यंत्र म्हणजे केवळ सूर्य.

जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली ही पद्धत शोधून काढली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या वनस्पतिअभ्यासक विदुषीने समुद्रशैवाले कागदावर मांडून त्यांचे उन्हात ठसे घेतले आणि ते पुस्तकरूपाने भागाभागाने काढण्यास आरंभ केला. हे काम १८५३ पर्यंत चालले. छायाचित्रांचे पहिले पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. पुढे अभियंत्यांच्या नकाशांच्या प्रती याच रीतीने निघू लागल्या; ‘ब्ल्यू प्रिंट’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला.

कापडावरील कृती अशी : सुती कापड धुऊन त्यातील खळ काढावी. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या भांड्यात तेवढ्याच पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवावे. मंद उजेडात दोन्ही द्रावणे समभाग मिसळून कापडाला लावावीत व कापड अंधारात वाळवावे. टिपकागदात दाबून सुकविलेले शैवाल किंवा जुन्या जाळ्याचा तुकडा त्यावर मांडून वर काच ठेवावी. भर दुपारच्या उन्हात १० ते २० मिनिटे ठेवून, पिवळेपणा जाईपर्यंत कापड साध्या पाण्यात धुवावे. हातमोजे वापरावेत, स्वयंपाकाची भांडी घेऊ नयेत, आणि फेरिसायनाइडचा तीव्र आम्लाशी संबंध येऊ देऊ नये. त्यातून विषारी वायू निघू शकतो.

आता यामागील कारण पाहू. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे फेरिक लोहाचे फेरस लोह होते व फेरिसायनाइडशी त्याचा संयोग होऊन ‘प्रशियन निळा’ हा न विरघळणारा रंग धाग्यात बसतो. शैवालाखाली किरण पोहोचत नाहीत. तेथील द्रावण धुऊन जाते आणि पांढरी आकृती उरते. डिचोलीच्या मातीचा तांबडेपणा आणि या कापडाचा निळेपणा, दोहोंच्या मुळाशी लोहच आहे, भेद संयुगाचा.

कलावंताने ही गोष्ट केवळ परीक्षेपुरती जाणून भागत नाही. निळीने रंगविलेले कापड धुण्याच्या सोड्याला दाद देत नाही. सायनोटाइपचा निळा रंग मात्र सोड्यासारख्या अल्कलीत विघटित होऊन पिवळसर पडतो. दिसायला दोन्ही कापडे निळीच. म्हणून असे कापड विकणाऱ्याने किंवा भेट देणाऱ्याने ते सौम्य, अल्कलीविरहित साबणाने धुवावे व सावलीत वाळवावे, असे सांगणे हा त्याच्या कलेचाच भाग समजावा. अन्यथा महिनाभराच्या मेहनतीवर एकाच धुण्यात पाणी पडेल.

विद्यार्थ्यांनी प्रयोगासाठी खडकावरचे शैवाल उपटू नये. लाटांबरोबर वाहून आलेलेच वेचावे. मोरजी व मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्यांच्या संरक्षित जागेत पाऊल टाकू नये. प्रत्येक ठशामागे स्थळ व तारीख लिहून ठेवावी. ठशात रंग व जाडी येत नाही, परंतु बाह्याकृती व मूळ माप येते. अशी नोंद असली की तेच कापड भिंतीवर शोभेल आणि वनस्पतिशास्त्राच्या वर्गातही उपयोगी पडेल.