गोचीडताप : लसीचा शोध आणि गावाची जबाबदारी

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके आहेत. (वेल्हे तालुक्यास 'राजगड' हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मान्यता दिली.) राजगड-तोरण्याच्या परिसरात आणि भाटघर धरणाच्या वरच्या खोऱ्यात भातशेतीच्या जोडीला गुरे व शेळ्या पाळल्या जातात. जनावरे दिवसा रानात चरतात, रात्री घरालगतच्या गोठ्यात बांधली जातात. राखणीचा कुत्रा अंगणातच असतो. अशा सहवासात गोचीड ही काही नवी गोष्ट नव्हे. ती जनावराचे रक्त पिते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. परंतु काही जातींच्या गोचिडींपासून माणसालाही गंभीर ताप येतो, ही बाब अद्याप पुरेशी परिचित नाही.

पुणे जिल्ह्यातील अभ्यास

पुणे येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था 1952 मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाली. 1957 मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात उद्भवलेल्या गोचीडजन्य तापाचा शोध याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी घेतला. तो आजार विषाणूचा होता. पुढे व्ही. एस. पडबिद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील गोचीडजन्य रिकेट्सिया रोगांचा अभ्यास केला व तो 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. रिकेट्सिया हे विषाणू नसून अत्यंत सूक्ष्म जीवाणू होत. भारतीय गोचीडताप हा त्यांपैकी 'रिकेट्सिया कोनोराय' या जीवाणूमुळे होतो. कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड ही त्याची एक प्रमुख वाहक आहे. बाधित मादीच्या अंड्यांतून हा जीवाणू पुढच्या पिढीतही उतरतो.

रोग कसा जडतो?

गोचीड चावल्यावर जीवाणू रक्तात शिरतो आणि लहान रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींत वाढू लागतो. ताप, तीव्र डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. काही दिवसांनी मनगट व घोट्यांवर पुरळ उठते आणि पुष्कळदा ते तळहात व तळपायांवरही दिसते. पुरळ उशिरा येत असल्याने आरंभी हा ताप डेंग्यू, हिवताप किंवा विषमज्वर वाटण्याचा संभव असतो. पेनिसिलिनच्या गटातील औषधांचा येथे उपयोग होत नाही. डॉक्सिसायक्लिन मात्र गुणकारी ठरते. उपचार लांबल्यास मूत्रपिंड, फुप्फुसे व मेंदू यांना इजा होऊन रुग्ण दगावू शकतो. म्हणून तपासणीच्या निकालाची वाट न पाहता, संशय येताच डॉक्टरांनी हे औषध सुरू करणे इष्ट मानले जाते.

कुलूप आणि किल्ली

या रोगावर माणसासाठी मान्यताप्राप्त लस आजही उपलब्ध नाही. अमेरिकेत 1924 मध्ये अशाच एका गोचीडतापावर बाधित गोचिडी वाटून लस तयार करण्यात आली होती. परंतु अशा जुन्या लसींचे संरक्षण अपुरे ठरले व त्या मागे पडल्या. आता शास्त्रज्ञांचे लक्ष जीवाणूच्या बाह्य आवरणावरील प्रथिनांकडे लागले आहे. या जीवाणूच्या आवरणावर 'ओएमपी-ए' व 'ओएमपी-बी' ही दोन मोठी प्रथिने असतात. पेशी हे घर मानले, तर ही प्रथिने म्हणजे दाराची किल्ली होय. ओएमपी-बी हे पेशीवरील 'केयू-70' नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि जीवाणूला आत शिरण्याचा मार्ग मिळतो. शरीराने या किल्लीविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार ठेवली, तर दार उघडण्यापूर्वीच जीवाणू अडविता येईल, हे या संशोधनामागील तत्त्व आहे. ओएमपी-बीचा अंश टोचलेल्या उंदरांना या रोगापासून संरक्षण मिळाल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

मार्ग मात्र सोपा नाही. जीवाणू एकदा पेशीत शिरला की प्रतिपिंडांचा प्रभाव मर्यादित राहतो. तेथे बाधित पेशी नष्ट करणाऱ्या श्वेतपेशींची गरज भासते. लसीने ही दोन्ही बळे जागी केली पाहिजेत. अमेरिकेतील लाइम या गोचीडजन्य रोगाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. तेथे पृष्ठभागावरील 'ओएसपी-ए' या एकाच प्रथिनावर आधारलेली लस 1998 मध्ये मान्य झाली. लस घेतलेल्या माणसाचे रक्त गोचिडीने शोषताच त्यातील प्रतिपिंडे तिच्या पोटातच जीवाणूंना निष्प्रभ करीत. मात्र मागणी घटल्याने ती 2002 मध्ये बाजारातून काढून घेण्यात आली. याच प्रथिनावरील नव्या लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी 2022 मध्ये सुरू झाली.

लस येईपर्यंत

लसीचे काम प्रयोगशाळेचे आहे. तोवरचे काम गावाचे आहे. ग्रामपंचायतींनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने गुरे, शेळ्या व कुत्रे यांच्यावरील गोचीड निर्मूलनाची मोहीम घ्यावी. गोठ्याच्या भिंतीतील भेगा बुजवाव्यात, कारण गोचिडी तेथेच अंडी घालतात. अंगाला चिकटलेली गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्याने त्वचेजवळ धरून ती सरळ ओढून काढावी व ती जागा साबणाने धुवावी. रानातून आल्यावर मुलांचे कान, मान व काखा पाहण्याची सवय शिक्षकांनी घरोघरी रुजवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताप आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन "आमच्या घरी जनावरे आहेत, अंगावर गोचीड आढळली होती" हे एक वाक्य न विसरता सांगावे. त्या एका वाक्याने निदानाचे मोलाचे दिवस वाचू शकतात.