कर्जाचा अर्ज कुठे अडला?

ताईंनो, म्हसा यात्रेत बैल घ्यायला कर्ज हवं, आणि पौष पौर्णिमा उलटली तरी अर्ज कुणाच्या तरी पिशवीतच! म्हणून अर्ज कुणाकडून कुणाकडे जाणार, किती दिवसांत, हे आधी ठरवा आणि ठराव म्हणून इतिवृत्तात लिहा.

बैठकीत अर्ज वाचला, जुनी परतफेड तपासली, की मगच मंजुरी. मंजुरीचा ठराव लिहून झाल्याशिवाय चेकवर सही नाही. कोऱ्या चेकवर तर कधीच नाही, बँक कितीही लांब असो.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लिहिणारी आणि तपासणारी एकच नको. लोकॉस ॲपमध्येही माहिती भरणारी व्यक्ती वेगळी, मंजुरी देणारी वेगळी. ते उगाच नाही. अध्यक्षाताईंचाच अर्ज असेल तर? त्या दिवशी बैठक दुसरीने चालवावी. खात्यावर तिघींपैकी दोघींच्या सह्या चालत असतील, तर उरलेल्या दोघींनी कराव्यात.

अर्ज ग्रामसंघाकडे गेला की पोच घ्या, तारखेसकट. परत आला तर कारण लेखी मागा. "ताई म्हणाल्या नाही होणार" हे कारण नव्हे. दुरुस्ती करून पुढच्याच बैठकीत तो पुन्हा ठेवा.