नालापासून पारितोषिक : लोखंडाच्या गुणधर्मांचा एक हस्तपाठ

घोड्याचा खूर माणसाच्या नखासारख्याच द्रव्याचा बनलेला असून तो नखाप्रमाणेच सतत वाढतो. त्याखाली ठोकलेला नाल पुरता झिजला नसला, तरी वाढलेले खूर छाटण्यासाठी दर चार ते सहा आठवड्यांनी तो काढावाच लागतो. म्हणून जेथे घोडे पाळले जातात, तेथे नालबंदाच्या ऐरणीजवळ जुन्या नालांची रास साचते. बंगळूर हे असेच एक शहर होय. तेथील हाय ग्राउंड्स भागातील शर्यतींचे मैदान प्रसिद्ध आहे. मराठी वाचकांस या शहराचा दुसराही एक संबंध आठवेल : 1638 च्या सुमारास बंगळूर जिंकले गेल्यावर ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. मराठी राज्यकारभारात घोडेस्वारास घोड्याच्या खर्चापोटी जी आगाऊ रक्कम दिली जाई, तिला नालबंदी असेच म्हणत.

जुन्या नालाचे वर्गातील पारितोषिक बनविणे ही कल्पना प्रथमदर्शनी गमतीची वाटेल. परंतु 2024 सालच्या पॅरिस ऑलिंपिकमधील प्रत्येक पदकात आयफेल मनोऱ्याच्या दुरुस्तीत काढलेले 18 ग्रॅम जुने लोखंड बसविलेले होते. लोखंड स्वस्त असले तरी पारितोषिकास अयोग्य नाही. उंबरठ्यावरील नालाने भाग्य उजळते हा समज मात्र येथे बाजूस ठेवावा. या वस्तूचे मोल तिने सोसलेल्या झिजेत आहे. चालताना खूर पुढच्या कडेवरून उचलला जातो. म्हणून नाल पुढे अधिक झिजतो. ही झीज कानशीने घासून नाहीशी करू नये.

कामास आरंभ करण्यापूर्वी चुंबक जवळ घ्यावा. शर्यतीच्या दिवशी घोड्यांस बहुधा अल्युमिनियमचे नाल ठोकतात. सरावाच्या वेळी पुष्कळदा पोलादी वापरतात. अल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही आणि त्याची घनता पोलादाच्या सुमारे तृतीयांश असते. हा भेद केवळ पाठापुरता नाही. पोलाद तापले की लाल होऊन इशारा देते. अल्युमिनियम उजेडात लाल दिसण्याआधीच, 660 अंश सेल्सिअसच्या आसपास, एकाएकी वितळून पडते. तेव्हा भट्टीत फक्त पोलादी नालच जावेत, व तेही रंग किंवा जस्ताचा मुलामा नसलेले. तापलेल्या जस्ताचा धूर अपायकारक असतो.

याहून गंभीर गोष्ट धनुर्वाताची. या रोगाच्या जंतूंचे बीजाणू मातीत व घोड्याच्या लिदीत आढळतात आणि लहानशा जखमेतूनही शरीरात शिरू शकतात. ते उकळत्या पाण्यात बराच वेळ तग धरतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच असल्यामुळे तेथे पाणी 97 अंशांच्या आसपासच उकळते. म्हणजे उकळण्यावर विसंबणे तेथे अधिकच चुकीचे ठरेल. यावर खरा उपाय नालबंदाच्या भट्टीतच आहे. त्याने खिळे काढून, नाल घासून, तो संपूर्ण लालबुंद करावा व राखेत पुरून सावकाश निवू द्यावा. तोपर्यंत विद्यार्थ्यांनी त्यास हात लावू नये. शिवाय 10 व 16 वर्षांच्या वयात द्यावयाची धनुर्वाताची लस मुलांनी घेतली आहे काय, याची चौकशी शिक्षकाने अवश्य करावी.

राखेत निवविण्याने दुसरेही कार्य साधते. नालाच्या पोलादात कर्बाचे प्रमाण थोडे असते. असे पोलाद मंद गतीने थंड झाले म्हणजे मऊ राहते व त्यावर टोच्याने ठिपके उमटविता येतात. अक्षरे ठिपक्यांनीच काढावीत. कानडी अक्षरांची गोलाई या पद्धतीस विशेष मानवते. देवनागरीत शिरोरेषा आधी खडूने आखून घ्यावी लागते, कारण नालाच्या वक्र पृष्ठभागावर ती हटकून घसरते.

तापविल्यामुळे आलेली काळी खपली चिंचेच्या कोळात रात्रभर भिजवून, सकाळी तारेच्या कुंचल्याने घासली असता बरीचशी सुटते. चिंचेतील आम्ल लोखंडाची ऑक्साइडे विरघळविते. मग नाल धुऊन लगेच कोरडा करावा व त्याची एक बाजू घासकागदाने चकचकीत करावी.

आता या पाठातील सर्वांत मनोरंजक भाग येतो. लोखंडी तव्यात वाळू तापवून तीवर नाल ठेवावा; हे काम शिक्षकाने सांडशीने करावे. सुमारे 230 अंशांस चकचकीत भागावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो, 280 अंशांजवळ जांभळा, आणि 300 अंशांच्या आसपास निळा. येथे कोणताही रंग लावलेला नसतो. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो. त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परावर्तित झालेले प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग मावळतात, काही उठून दिसतात. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो. साबणाच्या फुग्यावरील रंगांचे कारणही हेच. हवा तो रंग आला की नाल तत्काळ उचलावा. क्षणाचा विलंब झाला तरी पिवळा जांभळ्याकडे झुकतो, आणि पुन्हा घासण्यावाचून गत्यंतर नसते. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकास सोने, रुपे, कांसे यांऐवजी हे तीन रंग ठरविता येतील. निळा रंग पहिल्यास द्यावा, कारण तो मिळेपर्यंत इतर दोन्ही पाहावे लागतात.

हा थर गंजापासून फारसे संरक्षण देत नाही. नाल कोमट असतानाच त्यावर मेण चोळावे. जवसाचे तेलही चालते. ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. मात्र त्याच क्रियेत उष्णता निर्माण होत असल्याने तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात. तयार नाल त्याच्याच जुन्या भोकांतून स्क्रू घालून लाकडी पाटावर बसवावा, आणि दर पावसाळ्यापूर्वी त्यावर पुन्हा एकदा मेणाचा हात फिरवावा.