कमी बजेट, साठीतला हिरो: हाँगकाँगच्या एका सिनेमातून धंद्याचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत ‘गॅलंट्स’ या सिनेमाचा उल्लेख केला होता, पण वेळ कमी पडला. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. सिनेमा हाँगकाँगचा, २०१० सालचा, कुंग फूचा. दिग्दर्शक दोघं, डेरेक क्वोक आणि क्लेमेंट चेंग. आपण मात्र तो दुकानदाराच्या नजरेने बघणार आहोत. प्रश्न साधा आहे: हातात पैसा कमी आणि जे आहे ते जुनं, अशा वेळी काय करायचं?

आधी गोष्ट समजून घ्या

गावाकडे कुंग फूची एक जुनी शाळा आहे. तिथले गुरू ३० वर्षं कोमात. टायगर आणि ड्रॅगन हे त्यांचे दोन शिष्य आता स्वतःच म्हातारे झालेत. गुरू कधीतरी उठतील या आशेवर ते जागा सोडत नाहीत. शाळेचंच चहा-खाण्याचं हॉटेल करून कसंबसं चालवतात. तेवढ्यात शहरातून एक भित्रा, धडपड्या नोकरदार पोरगा तिथे येतो आणि गुरू शुद्धीवर येतात! पण त्यांच्या लेखी ३० वर्षं गेलेलीच नाहीत. समोरच्या म्हाताऱ्या शिष्यांना ते ओळखत नाहीत, त्या पोरालाच आपला शिष्य समजतात. पुढे प्रतिस्पर्धी आखाड्याशी सामना ठरतो.

टायगरचं काम केलंय ब्रूस ल्युंग सिउ-लुंग याने. जन्म १९४८ चा, म्हणजे सिनेमा आला तेव्हा साठी ओलांडलेली. १९७३ मध्ये ब्रूस ली गेला, त्यानंतर त्याच्याशी मिळतंजुळतं नाव लावणाऱ्या हिरोंची लाटच आली होती. हा त्या काळातला. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला टीव्ही मालिकेतली त्याची चेन झेनची भूमिका गाजली. नंतर बरीच वर्षं तो मोठ्या पडद्यावर दिसलाच नाही. २००४ मध्ये स्टीफन चाऊने ‘कुंग फू हसल’मध्ये त्याला खलनायक म्हणून परत आणलं. टक्कल, बनियन, पायात स्लिपर. तुमच्यापैकी कित्येकांनी त्याला तिथे पाहिलंय, फक्त नाव माहीत नसेल.

ड्रॅगन झालेला चेन कुआन-ताई हाही एके काळचा मोठा हिरो. शॉ ब्रदर्सच्या १९७२ च्या ‘बॉक्सर फ्रॉम शांटुंग’मुळे तो घराघरात पोचला होता.

आता निकाल बघा. २०११ च्या हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘गॅलंट्स’ ठरला. त्याच वर्षी त्सुई हार्कचा ‘डिटेक्टिव्ह डी’ हा भव्य सिनेमा स्पर्धेत होता. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक त्सुई हार्क ठरला, पण चित्रपटाचा मान या छोट्या सिनेमाकडे गेला. एक लक्षात ठेवा, पुरस्कार म्हणजे गल्ला नव्हे. कमाईच्या बाबतीत हा काही मोठा सिनेमा नव्हता. पण कमी भांडवलात माल चोख बनवता येतो, एवढं त्यातून नक्की शिकता येतं.

धडा १: उणीव झाकू नका, तिला काम द्या

हिरो म्हातारा आहे, मग त्याचे केस रंगवा, तरुण दाखवा, असं या मंडळींनी केलं नाही. म्हाताऱ्या माणसांचीच गोष्ट लिहिली. वय ही अडचण राहिलीच नाही, तोच विषय झाला. तुमचं दुकान लहान आहे? मग मॉलची नक्कल करून तुम्ही हरणारच. लहान दुकानातच जे जमतं ते करा. गिऱ्हाईक नावानिशी ओळखा, अर्धा किलोचा मालही हसून द्या.

धडा २: जुनी ओळख म्हणजे आधीच भरलेला हप्ता

या नटांचे सिनेमे बघत हाँगकाँगची एक पिढी मोठी झाली होती. हा माणूस कोण, हे जाहिरात करून सांगायची गरज नव्हती. ३०-४० वर्षांपूर्वी केलेल्या कामाचं व्याज नव्या सिनेमाला मिळालं. तुमच्या वडिलांची पत, दुकानाचं जुनं नाव, जुनं गिऱ्हाईक हे ताळेबंदात दिसत नाही, पण भांडवलच आहे.

धडा ३: एका माणसाची दोन कामं, पण त्याला येतात तीच

गुरूची भूमिका केली टेडी रॉबिनने. तो मुळात संगीतातला माणूस, ६० च्या दशकात त्याचा बँड होता. सिनेमाच्या संगीतातही त्याचा हात होता. अभिनयाचा सहायक भूमिकेचा पुरस्कार त्याला मिळाला आणि संगीताच्या पुरस्कारातही त्याचं नाव होतं. आपण काय करतो? पैसे वाचवायला काउंटरवरच्या पोराला डिलिव्हरीला पाठवतो, हिशेबाला बसवतो, वर इन्स्टाग्रामही त्याच्याच गळ्यात मारतो. मग एकही काम धड होत नाही.

आता माझी चूक सांगतो

आमचं दुकान मोटार-पंपाच्या स्पेअर पार्टचं आणि हार्डवेअरचं. वडिलांच्या काळापासून एक काका कामाला होते. बीबीए करून मी दुकानात बसलो, रॅक बदलले, कॉम्प्युटरवर बिलिंग आणलं. काकांना कॉम्प्युटर जमेना. शिडीवर चढताना हात थरथरायचा. मी त्यांना म्हटलं, “काका, आता आराम करा.” ऐकायला गोड, पण अर्थ त्यांना कळला. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

काही महिन्यांनी विक्री घसरल्यासारखी वाटायला लागली. मी एक वही केली आणि रिकाम्या हाताने परत जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद ठेवली. महिनाअखेरीला वही वाचली तर अर्ध्याहून जास्त वेळा माल दुकानातच होता! शेतकरी तुटलेलं वायसर किंवा झिजलेलं सील हातात घेऊन येतो. त्याला कंपनी माहीत नसते, नंबर माहीत नसतो. पोरं कॉम्प्युटरमध्ये नाव शोधायची आणि “नाही” म्हणायची. काका नुसतं बोटाने चाचपून डबा काढायचे.

मी त्यांच्या घरी गेलो. माफी कशी मागायची याची वाटभर तयारी केली होती. काकांनी चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला, “मोनोब्लॉकच्या सीलचा डबा हलवलास का रे?” मला काही बोलताच येईना.

मग आम्ही ठरवलं. सकाळचे चार तास, काउंटरजवळ खुर्ची, शिडी नाही, कॉम्प्युटर नाही. माल पोरं काढतील, ओळखायचं काम काकांचं. आणि पगार ठरवताना तास मोजले नाहीत, काम मोजलं. माणूस जुना आहे म्हणून स्वस्तात मिळतो, असा हिशेब करू नका. तो हिशेब अंगाशी येतो.

धोकाही समजून घ्या

सगळं ज्ञान एकाच डोक्यात असेल, तर ते डोकं दुकानात नसलेल्या दिवशी दुकान आंधळं होतं. सिनेमातल्या त्या म्हाताऱ्या शिष्यांकडेही विद्या होती, पण पुढे कुणाला द्यायची हा प्रश्न होताच. म्हणून आमच्याकडे रोज दुपारी बारा वाजता काका एका पोराला पाच पार्ट हातात देऊन ओळखायला लावतात. ओळखलेल्या पार्टचा फोटो, नंबर आणि कुठल्या पंपाला बसतो ते कॉम्प्युटरमध्ये जातं. जे कॉम्प्युटर काकांना जमलं नाही, त्याला आता काकाच शिकवतायत!

तुमचा गृहपाठ

१. एका कागदावर तीन रकाने करा: माझ्याकडे जुनं काय आहे, मी ते का वापरत नाही, आणि गिऱ्हाइकाला त्याचा काय उपयोग. माणूस, जागा, मशीन, ओळख, सगळं लिहा.

२. पुढचा महिनाभर ‘परत गेलेलं गिऱ्हाईक’ अशी वही ठेवा. तारीख, काय मागितलं, का गेलं. एवढंच.

३. धंद्यात कुणाला “आराम करा” म्हणायच्या विचारात असाल, तर आधी एक दिवस त्यांच्याशेजारी बसा आणि ते काय काय करतात ते लिहून काढा. मग ठरवा.

तिसरा गृहपाठ मी उशिरा केला. तुम्ही वेळेत करा. पुढच्या शनिवारी भेटू, तोपर्यंत गल्ल्यावर लक्ष आणि माणसांवरही!