मठातील दिनचर्या : बेलूरचे उदाहरण

मठ म्हटला की डोळे मिटून बसलेला संन्यासी आपल्यापुढे उभा राहतो. कलकत्त्याजवळच्या बेलूर मठात पहाटे मंगलारती व जपध्यान, सायंकाळी पुन्हा आरती असते खरी. पण मधला दिवस कामाचा. पूजेची तयारी, भाजी चिरणे, हिशेब, दवाखाना, शाळा. १८९७ मध्ये विवेकानंदांनी रामकृष्ण मिशन स्थापिले, तेव्हा हे काही गुरुबंधूंनाच रुचले नाही. गुरूंनी भक्ती सांगितली. ही समाजसेवा कुठली, अशी त्यांची शंका. ती अगदीच गैर होती असे म्हणवत नाही. हिशेबाच्या वहीत ध्यान हरवू शकते. पण १८९८ मध्ये कलकत्त्यात प्लेग आला. मदतकार्याला पैसा कमी पडला, तर मठासाठी नुकतीच घेतलेली जमीन विकू, असे विवेकानंद म्हणाले. तशी वेळ आली नाही. मठ आज त्याच जमिनीवर उभा आहे.